चाळीच्या गणपतीसाठी एफएम ट्रान्समीटर शोधायला गेलो, शेवटी काय घेतलं आणि का

आमच्या गिरगावातल्या चाळीच्या गणपतीचा साऊंड मी गेली बावीस वर्षं सांभाळतोय, त्यामुळे जुलैच्या मीटिंगमध्ये जेव्हा विषय निघाला की वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना आरती आणि रात्रीचं कीर्तन घरात बसून नीट ऐकू आलं पाहिजे, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मला ते मनापासून करायचं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या सुमनकाकू ८१ वर्षांच्या, दोन्ही गुडघे गेलेले, लाकडी जिना उतरणं आता त्यांच्याच्याने होत नाही आणि ज्या बाईने चाळीस वर्षं मोदकांचं सारण स्वतःच्या हाताने केलं तिला आता खाली कोण काय बोलतंय तेही कळत नाही. स्पीकर अंगणात असतो, समोर दुसरी चाळ, आवाज दोन भिंतींमध्ये आपटून वर पोचेपर्यंत नुसता घुमतो, शब्द लागत नाहीत. आवाज वाढवायचा तर रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा, दहानंतर सवलतीचे मोजके दिवस सोडले तर लाउडस्पीकर बंदच, आणि दुसऱ्या मजल्यावर तीन महिन्यांचं बाळ आहे ते वेगळंच.

तर प्रथमेशने, तो इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आयडिया काढली की काका एफएम ट्रान्समीटर घेऊ, छोटा, लायसन न लागणारा, सगळ्या म्हाताऱ्यांकडे रेडिओ आहेच, चार घरांत कारवां, तो जुन्या गाण्यांचा डबा, आहे त्यातही एफएम आहे, एक स्टेशन लावायचं की झालं. ऐकायला इतकं सोपं वाटलं की सगळ्यांनी लगेच मान डोलावली आणि दहा हजार मंजूर पण करून टाकले.

मी दुसऱ्याच शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो. पहिल्या दुकानात, नाव देत नाही, काउंटरवरच्या मुलाने विचारल्या विचारल्या हिरव्या रंगाचं एक सर्किट बोर्ड काढून ठेवलं, वर डिस्प्ले, एका बाजूला पितळी अँटेना सॉकेट, मागे ॲल्युमिनियमची हीटसिंक, "पांच वॉट है साहब, दो किलोमीटर आराम से जाएगा, कोई लायसन वायसन नहीं लगता". किंमत पण बजेटमध्ये. आता मला गिरगावच्या एका चाळीत तीन मजले आवाज न्यायचाय, दोन किलोमीटर कशाला लागतंय, दोन किलोमीटर म्हणजे चर्चगेटपर्यंतची माणसं आमची आरती ऐकणार. मी म्हटलं लावून दाखव.

माझ्याकडे लॅपटॉपला लावायचं ते छोटं एसडीआर डोंगल असतं, यूएसबी पेनड्राईव्हसारखं दिसतं, त्याने हवेतल्या फ्रिक्वेन्सी स्क्रीनवर उभ्या रेघांसारख्या दिसतात. ते मी दुकानात नाही उघडलं, मुद्दाम रस्ता ओलांडून पलीकडे गेलो, कारण ट्रान्समीटरच्या अगदी जवळ डोंगल उघडलं तर ते स्वतःच गुदमरतं आणि नसलेल्या रेघा दाखवतं, मग दोष कुणाचा हे कळत नाही. मुलाने बोर्ड ९२ मेगाहर्ट्झवर लावलं होतं. पलीकडच्या फुटपाथवर ९२ ला जाडजूड रेघ दिसली ती दिसणारच, पण १८४ ला पण एक चांगली उंच रेघ, म्हणजे बरोब्बर दुप्पट, ज्याला हार्मोनिक म्हणतात, आणि शिवाय १०८ च्या वर दोन लहान रेघा ज्यांचा मूळ फ्रिक्वेन्सीशी काही संबंधच नव्हता. बोर्ड बंद करायला सांगितलं, सगळ्या गेल्या. परत चालू, परत आल्या. म्हणजे नको त्या फ्रिक्वेन्सी अडवणारा आतला फिल्टर नावालाच.

ह्या १०८ च्या वरच्या रेघा बघून माझ्या पोटात गोळा आला, कारण एफएमचा पट्टा १०८ ला संपतो आणि तिथूनच विमानांचा सुरू होतो. १०८ ते ११२ मध्ये रनवेची मधली रेघ दाखवणारा लोकलायझर असतो, विमान खाली उतरताना पायलट त्याच्यावर असतो, आणि ११८ पासून पुढे १३७ पर्यंत पायलट आणि कंट्रोल टॉवरचं बोलणं चालतं. आपल्या मुंबईत विमानं लोकवस्तीच्या डोक्यावरूनच उतरतात. गणपतीत रोज चार तास हे बोर्ड गच्चीवरच्या अँटेनाला लावून ठेवायचं, तेही पांच वॉटवर, ह्याचा विचार सुद्धा मला नको वाटला. मुलाला मी हे सांगितलं, शांतपणे सांगितलं, तर तो म्हणाला सगळे नेतात.

सगळे नेतात हे खरं पण असेल. पण आपल्याकडे कायदा ह्या बाबतीत गुळमुळीत नाहीये. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून परवान्याशिवाय ट्रान्समीटर नुसता जवळ बाळगणं हाच गुन्हा धरलाय, वापरणं ही पुढची गोष्ट, आणि २०२३ च्या टेलिकॉम कायद्यात पण रेडिओ उपकरण बाळगायला सरकारची परवानगी लागतेच, सरकारने सूट दिलेली सोडून. एफएमवर लोकांसाठी प्रसारण करायचं तर माहिती प्रसारण मंत्रालयाची परवानगी आणि वर डब्ल्यूपीसीचं, म्हणजे दूरसंचार खात्याच्या रेडिओ फ्रिक्वेन्सी सांभाळणाऱ्या शाखेचं, लायसन, मग ते एक वॉट असो की दहा हजार वॉट. कम्युनिटी रेडिओ म्हणून मार्ग आहे, मुंबई विद्यापीठाचा १०७.८ वर आहे तसा, त्यात १०० वॉट ईआरपीपर्यंत, म्हणजे अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या पॉवरला, मुभा मिळते, पण त्याला नोंदणीकृत ना-नफा संस्था लागते, काही वर्षं चाललेली, आणि कागदपत्रांचा मोठा प्रवास आहे. दहा दिवसांच्या मंडळासाठी तो रस्ता नाहीच. २००६ साली बिहारमधल्या एका गावात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका मुलाने पन्नास रुपयांच्या किटवर गावासाठी स्टेशन चालवलं होतं, लोकांचं अतिशय लाडकं होतं, बातमी झाली आणि लगेच बंद पाडलं गेलं. मला त्या मुलाबद्दल आजही हळहळ वाटते. पण त्याच्यामुळे हे पण कळतं की हेतू चांगला आहे हे उत्तर तिथे चालत नाही.

मीटिंगमध्ये हे सांगितलं तर पोरं म्हणाली काका इथेच चौपाटीजवळून १९४२ ला उषा मेहतांनी रेडिओ चालवला होता ना. चालवला होता, २७ ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत, जागा बदलत बदलत, आणि त्यासाठी त्यांनी तुरुंगात वर्षं काढली. ते परक्या सरकारविरुद्ध होतं आणि दुसरा मार्गच नव्हता. आपल्याला काकूंना कीर्तन ऐकवायचंय आणि मार्ग चार आहेत. पोरांना पटलं, खरंच पटलं, प्रथमेश तर त्याच रात्री डब्ल्यूपीसीच्या नोटिफिकेशन वाचत बसला.

आता "लायसन न लागणारा कमी पॉवरचा एफएम ट्रान्समीटर" हे जे यूट्यूबवर सगळीकडे दिसतं ते बहुतेक सगळं अमेरिकेचं असतं, हे मला माझ्या मावसभावामुळे नीट समजलं. तो न्यू जर्सीत एडिसनला असतो, माझी मावशी त्याच्याकडे आहे, आणि तिला फोन, टॅब काही नको, तिला स्वयंपाकघरात रेडिओच लागतो. त्याने तिच्यासाठी तसा एक ट्रान्समीटर घेतलाय आणि मला व्हिडिओ कॉलवर उलटा करून मागचं लेबल दाखवलं. त्यावर एफसीसी आयडी, म्हणजे तिकडच्या रेडिओ आणि टेलिकॉम नियामकाने दिलेला नंबर, छापलेला आहे. तो नंबर एफसीसीच्या साइटवर टाकला की त्या मॉडेलचा टेस्ट रिपोर्ट उघडतो, कुठल्या लॅबने तपासला, किती सिग्नल मोजला, सगळं. मला हे फार आवडलं. तिकडच्या नियमात, भाग १५ म्हणतात त्याला, एफएम पट्ट्यात वॉट मोजतच नाहीत, ३ मीटर अंतरावर सिग्नल २५० मायक्रोव्होल्ट पर मीटरच्या वर जाता कामा नये एवढंच. म्हणजे आत काय आहे ते नाही, बाहेर किती पडतं ते बघायचं, अँटेना मोठी लावून फसवता येत नाही. हिशेब केला तर ही पॉवर नॅनोवॅटच्या घरात येते, साधारण वीसच्या आसपास. एफसीसी स्वतःच सांगते की ह्याची झेप साधारण २०० फूट. मावशीच्या घरात स्वयंपाकघर, गॅरेज, वरची खोली स्वच्छ, परसदारी शेवटच्या झाडापाशी खरखर सुरू.

बरेच जण "१०० मिलीवॉटपर्यंत चालतं" म्हणून सांगतात ना, ती गफलत आहे. तो १०० मिलीवॉटचा नियम अमेरिकेत एएम पट्ट्यासाठी आहे, ५१० ते १७०५ किलोहर्ट्झ, आणि तिथे पण अँटेना आणि वायर मिळून ३ मीटरच. एफएमला तो लावला तर हजारो नाही, लाखो पट जास्त होतं. ब्रिटनमध्ये २००६ च्या डिसेंबरपासून गाडीत वापरायचे छोटे ट्रान्समीटर चालतात पण मर्यादा ५० नॅनोवॅट. आता लॅमिंग्टन रोडचं ते पांच वॉटचं बोर्ड आठवा, दहा कोटी पट. आणि अमेरिकेत ह्याच्या वर जाऊन स्टेशन चालवलं तर २०२० च्या कायद्याने दिवसाला एक लाख डॉलरपर्यंत दंड ठेवला. म्हणून तिकडे कुणाला घ्यायचा असेल, इथले बरेच जण तिकडच्या मुलाबाळांसाठी शोधत असतात, तर माझं मत सरळ आहे, बॉक्सवर "रेंज १ मैल" लिहिलेला घेऊच नका, एफसीसी आयडी छापलेला, रिपोर्ट सापडणारा, झेप पन्नास साठ मीटरच सांगणारा घ्या, आणि तोच सगळ्यात चांगला आवाज देतो कारण त्याला ओढूनताणून काही करायचं नसतं. आतला स्क्रू फिरवून पॉवर वाढवायचे व्हिडिओ आहेत, ते केलं की त्या सर्टिफिकेटला अर्थ राहत नाही.

भाऊ म्हणाला येताना एक घेऊन येऊ का. मी नको म्हटलं. तिकडचा एफसीसी आयडी किंवा युरोपचा सीई हा शिक्का इथे चालत नाही, इथे डब्ल्यूपीसीची ईटीए लागते, म्हणजे उपकरणाची मान्यता, आणि शिवाय मुंबईचा एफएम पट्टा इतका भरलेला आहे, ९१.१, ९२.७, ९३.५, ९८.३, १००.७, १०७.१, मधेमधे आणखी, की वीस नॅनोवॅटवाल्याला शेजारी मोठं स्टेशन लगेच गिळून टाकतं. एफएमचा रेडिओ दोन्ही मिसळून नाही ऐकवत, जो जोरात तोच ऐकवतो. एडिसनच्या बंगल्यात जमतं ते गिरगावात जमेल असं नाही.

मग दुसरं दुकान. हे पहिल्या मजल्यावर, जिना अंधारा, आत एक साठीतले शेठ बसलेले, समोर चष्मा लटकलेला आणि टेबलावर उघडलेला माइक. मी गरज सांगितली, ट्रान्समीटर हवाय असं नाही म्हटलं, सुमनकाकूंची अडचण सांगितली. ते म्हणाले एफएमचं विसरा, मी तो माल ठेवतच नाही, तुम्हाला टूर गाइड सिस्टीम दाखवतो. म्युझियममध्ये, फॅक्टरीत फिरवताना गाइड बोलतो आणि माणसांच्या कानात ऐकू येतं ते. एक ट्रान्समीटर, दहा रिसीव्हर, सगळे एका चार्जिंग पेटीत. हे २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, वायफाय आणि ब्लूटूथ चालतं त्याच पट्ट्यात, आणि हा पट्टा आपल्याकडे २००५ च्या नोटिफिकेशनने लायसनमुक्त आहे. त्यांनी न मागता ईटीएचा कागद काढून दिला, नंबर ईटीए-एसडी ने सुरू होणारा, आणि म्हणाले घरी जाऊन दूरसंचार खात्याच्या सरल संचार पोर्टलवर टाकून बघा, मॉडेल नंबर जुळला तरच परत या. इतका सरळ माणूस मला त्या रस्त्यावर बऱ्याच वर्षांनी भेटला. प्रथमेशने तपासलं, मॉडेल जुळलं, सोमवारी घेऊन आलो. २६,५०० ला पडलं, बजेटच्या बाहेर, पण वरचे पैसे चार घरांनी स्वतःहून दिले. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण एकच माल दहा नावांनी विकतात, तुम्ही ईटीए बघा, नाव नका बघू.

आता माल कसा आहे ते. आवाज बोलण्यासाठी उत्तम, कीर्तनकार बुवांचा शब्द न शब्द लागतो, टाळ जोरात वाजले की जरा पत्र्यासारखे ऐकू येतात, मृदंगाचा धुम्म नाहीच. संगीत ऐकायला घेत असाल तर घेऊ नका. मिक्सरच्या ऑक्समधून, म्हणजे त्याच्या जादा आउटपुटमधून, थेट दिलं तर पहिल्या दिवशी सगळं फाटलं कारण ह्याचं इनपुट माइकच्या लेव्हलचं आहे, ऑक्स खूप खाली आणून मध्ये सिग्नल कमी करणारा एक पॅड लावला तेव्हा स्वच्छ झालं. डेकोरेशनच्या दिव्यांच्या डिमरमुळे गूं गूं येत होती, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे दोन्हीकडच्या वायरी थेट न जोडता आवाज पुढे देणारा, टाकल्यावर गेली.

झेप बॉक्सवर १०० मीटर लिहिलीये, ती मोकळ्या मैदानात असेल. पहिल्या रात्री ट्रान्समीटर मिक्सरजवळ मांडवातच ठेवला आणि आरतीला गर्दी झाली तसा वर आवाज तुटायला लागला, गर्दी पांगली की परत नीट. २.४ गिगाहर्ट्झला माणसाचं शरीर आडवं येतं, शरीरात पाणी असतं ते सिग्नल शोषतं, आणि मांडवाला वर पत्रा, बाजूला लोखंडी पाइप, प्रत्येक खोलीत वायफाय. दुसऱ्या दिवशी पंधरा मीटर केबल टाकून ट्रान्समीटर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीच्या कठड्याला बांधला, डोक्यांच्या वर, आणि मग तिन्ही मजल्यांना पोचला, फक्त मागच्या मोरीच्या बाजूला जाड दगडी भिंतीमागे नाही पोचत. घेतल्यावर हे एवढं नक्की करा, उंच बांधा.

आधी आम्ही साधं ब्लूटूथ पण करून बघितलं होतं. एक तर एका वेळी एकदोन स्पीकरच जोडले जातात, आणि दुसरं म्हणजे आवाज उशिरा पोचतो, खालून स्पीकरचा आवाज खिडकीतून येतो आणि तेच वाक्य क्षणभराने पुन्हा खोलीत, म्हाताऱ्या माणसांना ते सहन होत नाही. ह्या सिस्टीममध्ये उशीर इतका कमी आहे की अंगणातला आवाज हवेतून वर यायला लागतो तेवढ्यात हा पण पोचलेला असतो, दोन्ही एकत्रच वाटतात.

कानात अडकवायचा जो हूक येतो तो निम्म्या लोकांना नको होता, श्रवणयंत्र असलेल्यांना तर बसतच नाही. मग रिसीव्हरच्या हेडफोनच्या भोकातून छोट्या स्पीकरला वायर दिली. आणि साठेकाकांकडे त्यांच्या वडिलांचा व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला, मर्फी रेडिओ आहे, लाकडी, चालू. त्याच्या मागे ग्रामोफोन जोडायला पिकअपचं सॉकेट असतं ते मला आठवलं. आधी तो सेट ट्रान्सफॉर्मरवाला आहे ना ते मागचं कव्हर काढून बघितलं, कारण त्या काळातल्या काही सेटमध्ये चेसिसला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, थेट मेनचा करंट असतो, तिथे बाहेरची वायर जोडणं जिवावर बेतू शकतं, हे मी कुणालाही बघितल्याशिवाय करू देणार नाही. ह्याला ट्रान्सफॉर्मर होता, तरी मी मध्ये आयसोलेशन टाकलंच. बटण फिरवलं, व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट गेला, जाळीमागचा दिवा पिवळा झाला आणि त्या रेडिओतून हळूहळू वर येत "सुखकर्ता दुखहर्ता". साठेकाका खुर्ची पुढे ओढून जाळीला जवळजवळ कान लावून बसले. प्रथमेश माझ्याकडे बघून म्हणाला, काका झालं की आपलं स्टेशन.

सुमनकाकू पहिल्या रात्री काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला गॅलरीतून हाक मारून म्हणाल्या, बुवांनी काल तो ओवीचा अर्थ चुकवला हो, त्यांना सांग. सांगितलं, बुवांनी त्या रात्री दुरुस्त केला आणि वर बघून हात जोडले.

बॅटरी सांगितल्याप्रमाणे चालली, रोज चार साडेचार तास वापर आणि रात्री पेटीत, दहाही दिवस त्रास नाही. पेटीतल्या सातव्या खाचेत रिसीव्हर नीट बसत नाही, दाबून ठेवावा लागतो नाहीतर चार्ज होत नाही, घेताना प्रत्येक खाचेचा लाल दिवा लागतोय का दुकानातच बघून घ्या. चॅनल बदलायचं बटण चुकून दाबलं जातं, आम्ही त्यावर चिकटपट्टी लावली. विसर्जनानंतर दहाच्या दहा रिसीव्हर परत आले. पुढच्या वर्षी आणखी सहा लागणार आहेत, मागच्या चाळीने पण विचारलंय, तर शेठना आत्ताच सांगून ठेवलंय की त्याच मॉडेलचे बाजूला काढा, नवीन मॉडेल आलं तर जुन्या ट्रान्समीटरला जुळत नाहीत असं ते स्वतःच म्हणाले.